नववं पातं

१

दर रविवारी दुपारी चार वाजता आमची बेल दोनदा वाजायची. शालिनी, माझी बायको, स्वयंपाकघरातूनच म्हणायची, “नंदू, तुझं विमानतळ उघडलं बघ.” मी दार उघडायचो. दारात दामोदरकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन्सिल, हातात चष्म्याची डबी. तळमजल्यावरचा माणूस तिसऱ्या मजल्यावर यायला एवढा नटतो, याची मी सुरुवातीला चेष्टा करायचो. पुढे बंद केली. काका आमच्याकडे गप्पा मारायला येत नव्हते, कामावर येत होते.

साल दोन हजार चार. मी एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. आठवडाभर कुठला वॉल्व्ह का अडला ते शोधायचं आणि सुट्टीत बडोद्यातल्या मांजलपुरातल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर विमानं बनवायची. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आपण घडवलेलं विमान घालता येतं. त्याला दिसणं द्यायचं, वजन द्यायचं, इंजिनांना स्वभाव द्यायचा. याला कुणी खेळ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

त्या वर्षी मी काकांचं विमान बनवत होतो. एका गिरणीमालकाचं दोन इंजिनांचं जुनं विमान पूर्वी हरणीच्या विमानतळावर असायचं. काका सोळा वर्षं त्याचे इंजिनियर. विमान कधीच भंगारात गेलं, पण काकांच्या डोक्यात ते अजून तेल-पाणी करून उभं होतं. डाव्या इंजिनाला ते थोरली म्हणत आणि उजव्याला धाकटी.

“थोरलीचं तेल चौथ्या सेकंदाला थरथरतं, सातव्याला वर चढतं,” ते डोळे मिटून सांगायचे. “सहाव्याला चढलं तर समजायचं, काटा खोटं बोलतोय.” मी ते आकडे फाइलमध्ये भरायचो, आणि इंजिन खरोखर श्वास घेतल्यासारखं सुरू व्हायचं. मी बावीस वर्षं यंत्रांत काढली, पण यंत्र असं पाठ असलेला माणूस दुसरा पाहिला नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि हेव्याहून जास्त अभिमान.

दसऱ्यानंतर काका कायमचे नागपूरला जाणार होते, मालविकाकडे, म्हणजे त्यांच्या मुलीकडे. जाण्याआधी त्यांची एकच इच्छा होती. थोरली आणि धाकटी एकदा एकत्र चालताना ऐकायची.

२

जुन्या गोल इंजिनात रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच चालू केलं तर इंजिन फुटतं. म्हणून आधी एक माणूस खाली उभा राहून पंखा हाताने फिरवतो. पंख्याला तीन पाती. काकांच्या विमानाची रीत नऊ पात्यांची होती, म्हणजे तीन पूर्ण फेरे. खालचा माणूस मोठ्याने मोजायचा. नऊ झाली की पंख्यापासून दूर होऊन विमानाच्या नाकासमोर यायचा आणि हात वर करायचा. वर बसलेल्याला उजव्या पंख्याखालचा माणूस दिसत नाही. त्यामुळे हात दिसल्याशिवाय स्टार्टरला बोट लावायचं नाही, असा दंडकच होता.

वर बसायचे काका, खालचा माणूस म्हणजे सुभानराव. काकांचा जोडीदार, रावपुऱ्यातल्या जुन्या दरबारी घराण्यातला. १९८० मध्ये तो धाकटीच्या पंख्याखाली सापडून गेला. हे मला वडिलांकडून कळलं होतं. चौकशीत निघालं की सुभानरावाने हात वर केला आणि काहीतरी राहिलं म्हणून घाईने परत पंख्याकडे वळला. निष्काळजीपणा त्याचा स्वतःचा. बडोद्यातल्या मराठी घरांत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि काकांसमोर कुणी काढत नसे.

मी नियम तसाच घातला. कीबोर्डवर एक कळ दाबली की पातं एक घर पुढे. नऊ झाल्याशिवाय स्टार्टर चालणार नाही. पात्याच्या आवाजासाठी माझ्याच सायकलचं चाक उलटं फिरवून टिकटिक रेकॉर्ड केली होती. मी शंभर वेळा तरी चालवून पाहिलं. दोन्ही इंजिनं पहिल्या दमात सुरू व्हायची.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी मी खुर्ची काकांना दिली. थोरली सुरू झाली. काकांच्या ओठांवर हसू आलं. मग त्यांनी धाकटीची नऊ पाती मोजली, एकेक कळ सावकाश दाबत. स्टार्टर दाबला.

काहीच झालं नाही.

“नंदू, हिला काय झालं?”

मी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. तिथे आठ होते.

३

तुम्ही काय म्हणाल ते मीही म्हणालो. म्हाताऱ्या माणसाचं बोट, एखादी कळ नीट दाबली गेली नसेल. काकांनी परत नऊ दाबल्या. आठ. दहा दाबल्या. आठ. मी त्यांच्या खांद्यावरून हात घालून स्वतः दाबल्या. आठ!

त्या आठवड्यात मी काय काय केलं ते आठवलं तरी हसू येतं. नवा कीबोर्ड आणला. सिम्युलेटर पुसून परत बसवलं. नियम ओळ न ओळ वाचला, अवघ्या चौदा ओळी होत्या. इंटरनेटवर आम्हा वेड्यांची एक मंडळी होती, त्यांना फाइल पाठवली. फोनची लाइन दोन तास अडली म्हणून शालिनीने तोंड फुगवलं ते वेगळंच. तिघांची उत्तरं आली. सगळ्यांकडे नऊ, सगळ्यांकडे इंजिन सुरू.

पुढच्या रविवारी मी रीतसर चाचणी लावली, कारखान्यात लावतो तशी. खुर्चीत मी: नऊ. खुर्चीत शालिनी: नऊ. खुर्चीत काका, कळ दाबणारा कुणीही: आठ. काका बाल्कनीत उभे: नऊ. काका परत खोलीत, भिंतीशी, कशालाही हात न लावता: आठ.

“कीबोर्ड बदलून झाला,” शालिनी म्हणाली, “आता काका बदलून बघ.” तिने थट्टेने म्हटलं, पण कुणी हसलं नाही. काका रुमालाने चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

मी म्हणालो, “काका, मी तो नियमच काढून टाकतो. पाती न मोजता सुरू करू. तुम्हाला आवाज ऐकायचाय ना?”

“नाही!” ते इतक्या मोठ्याने म्हणाले की शालिनी दचकली. मग खाली बघत म्हणाले, “तसं नाही करायचं, बेटा. कुणी खाली असलं तर?”

मॉडेलमध्ये माणूस नव्हताच. मी माणूस बनवला नव्हता, मला माणसं बनवता येत नाहीत. 

४

वॉल्व्ह अडला की आम्ही वॉल्व्हकडे बघत नाही, नोंदीकडे बघतो. मी सिम्युलेटरला एक नोंदवही जोडली. पंखा किती अंशांवर आहे ते सेकंदातून दहा वेळा लिहिलं जाईल अशी. काकांना काही न सांगता त्यांच्याकडून आणखी एकदा धाकटी फिरवून घेतली आणि ते गेल्यावर फाइल उघडली.

पाचच वाजले होते. खिडकीतून ऊन कीबोर्डवर आलं होतं, खाली मैदानात गरब्याच्या माइकची चाचणी चालली होती. मी आकडे वाचत गेलो. आठ पाती सरळ, मी लिहिलेल्या नियमाबरहुकूम. नवव्या पात्याशी आकडा थांबला नव्हता. तो तीन अंश पुढे जात होता, तीन अंश मागे येत होता. पुढे, मागे. काकांनी कीबोर्डवरून हात काढल्यानंतरही चार मिनिटं, ते खुर्चीतून उठेपर्यंत.

असा झोका मी कुठेच लिहिला नव्हता. पण ओळखीचा होता. जड पातं दोन्ही हातांनी धरून, ओढायच्या आधी माणूस अंदाज घेतो तो हा झोका. त्या पात्यावर कुणाचे तरी हात होते.

मी आवाजही साठवला होता. तो लावला. सायकलच्या चाकाची टिकटिक, आठ वेळा. मग माझ्या खोलीतला पंखा, शालिनीच्या बांगड्या, काकांचं खाकरणं यातलं काही नाही, कारण मायक्रोफोन जोडलेलाच नव्हता. फक्त सिम्युलेटरमधली शांतता. आणि त्या शांततेत, अगदी जवळ, जोर लावायच्या आधी माणूस छाती भरून घेतो तसा एक श्वास. आत घेतलेला. सोडलेला नाही.

मी स्पीकरची वायर ओढून काढली. मग स्वतःला शिव्या देत परत लावली. यंत्राला घाबरणारा इन्स्ट्रुमेंटवाला काय कामाचा!

संध्याकाळी खाली जाऊन मी काकांना गाठलं. ते ओट्यावर बसून चहा पीत होते. घाबरलो होतो म्हणूनच असेल, मी सरळ विचारलं, “काका, त्या दिवशी सुभानरावांनी किती पाती मोजली होती?”

काकांनी कप खाली ठेवला. बशीत ठेवायचा तो ओट्यावर ठेवला. “नऊ,” ते म्हणाले. “चौकशीत लिहिलंय.” आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

५

अष्टमीच्या दिवशी दुपारी बेल वाजली, एकदाच. मी सुट्टीवर होतो. काका आले होते, घरातल्या सदऱ्यावर. विचारल्याशिवाय मागच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले.

“लाव.”

मी लावलं. त्यांनी आठ कळा दाबल्या आणि हात मांडीवर ठेवले. पडद्यावर उजव्या पंख्याचं वरचं पातं दिसत होतं. ते किंचित पुढे आलं, किंचित मागे गेलं.

“शेठ गाडीत येऊन बसले होते,” काका पडद्याकडे बघत बोलू लागले. मला वाटतं, ते माझ्याशी बोलत नव्हते. “उशीर झालेला. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. खिडकी उघडी होती, सुभान्याचं मोजणं ऐकू येत होतं. सहा, सात, आठ. सोळा वर्षं रोज ऐकलेलं. आठ म्हटल्यावर माझ्या कानाने नऊ स्वतःच म्हणून टाकलं. मी स्टार्टर दाबला.” त्यांचा आवाज कोरडा होता. “हात वर नव्हता. मी बघितलंच नाही. चौकशीत विचारलं तेव्हा होता म्हणालो. प्रकरण मिटलं म्हणून चौकशीचे साहेब, शेठ, सगळ्यांनी आभार मानले माझे. आठच झाली होती, सुभान्या. तू पात्याला धरून होतास.”

स्पीकरमधून श्वास सुटल्याचा आवाज आला. लांब, दमलेला. मग टिक. पातं फिरलं. कोपऱ्यात नऊ आलं.

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, आनंदही झाला. चुकलेलं यंत्र जुळलं की होतो तसा. “काका, दाबा स्टार्टर!”

काकांनी दाबला नाही. मी हात लांब करून दाबला. नियम पूर्ण झाला होता, अडवणारं काहीही उरलं नव्हतं. तरी धाकटी ढिम्म.

“कशी चालेल?” काका हळूच म्हणाले. “हात कुठे वर झालाय?”

आम्ही दोघं पडद्यातल्या विमानाच्या समोरच्या काचेकडे बघत बसलो. हरणीची धावपट्टी, मी रंगवलेलं गवत, रिकामं. काचेच्या उजव्या कोपऱ्यात मात्र गवतावर एक सावली होती. विमानाच्या सावलीला लागून, तिच्याहून जरा पुढे. माणसाएवढी. हात खाली.

“तो मला हात दाखवणार नाही,” काका म्हणाले. “मी त्याला सांगून उपयोग काय? आम्हा दोघांनाही ते ठाऊकच आहे.”

६

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं-अवजारं घासूनपुसून पुजतात. सुभानरावाच्या बायकोने, सुहासिनीकाकूंनी, त्याचा मोठा पाना जपून ठेवला होता. चोवीस वर्षं दर खंडेनवमीला काका रावपुऱ्यात जात, पान्याला हळदकुंकू वाहत आणि श्रीखंड-पुरी जेवून येत. हे मला माहीत होतं. कुठल्या तोंडाने जात, ते आदल्या दिवशी कळलं होतं.

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. जिना चढताना त्यांनी माझा दंड धरला होता. दुसऱ्या मजल्यावर दोन लहान खोल्या. पाटावर लाल कापड, त्यावर पाना, तेल लावून चकचकीत केलेला. भिंतीवर सुभानरावाचा फोटो. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, उजव्या मनगटाला पुसायची चिंधी गुंडाळलेली. काकूंनी पुढे हळदकुंकवाची कोयरी ठेवली.

“या भाऊजी. यंदा शेवटचं, नाही का? नागपूरला निघालात.”

काकांनी सवयीने पान्याला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. काकू फोटोकडे बघून म्हणाल्या, बहुधा दरवर्षी म्हणत असतील, “सगळं नीट केलं आयुष्यभर. तेवढी एकदा घाई केली यांनी.”

“वहिनी,” काका म्हणाले, “घाई मी केली.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. कालच्याच शब्दांत, काहीही न गाळता. शेठ, हॉर्न, आठ, हात. काकू उभ्याच होत्या. 

“म्हणजे हात वर नव्हता,” त्या म्हणाल्या.

“नव्हता.”

“मला वाटायचंच,” त्या फोटोला म्हणाल्या, आम्हाला नाही. “हा माणूस घरचा नळसुद्धा दोनदा तपासून बंद करायचा. बाहेर पडताना कुलूप ओढून बघायचा, मग माझ्याकडून ओढवून घ्यायचा. आणि मी चोवीस वर्षं रोज दिवा लावताना रागावत्येय यांच्यावर. का परत वळलात, का घाई केलीत. रोज, भाऊजी! मेलेल्या माणसाला रोज बोल लावला मी.”

काकांनी हात जोडले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खाली वाकून पदराच्या टोकाने पान्यावरचं कुंकू पुसलं, फूल उचलून बाजूला ठेवलं आणि कोयरी माझ्यापुढे सरकवली.

“नंदू, तू लाव.”

मी लावलं. पाना गार असायला हवा होता. तो उन्हात ठेवल्यासारखा कोमट होता, नुकताच कुणाच्या हातातून सुटल्यासारखा. 

“जेवून जा दोघं,” काकू म्हणाल्या. काकांच्या ताटात त्यांनी नेहमीसारख्या गरम पुऱ्या वाढल्या, पण वाढताना एक शब्द बोलल्या नाहीत. काका खाली मान घालून सगळं जेवले.

७

नागपूरला जाईपर्यंत काका वर आले नाहीत. मी दोनदा बोलवायला गेलो. “नको,” ते म्हणाले. “ते ऐकायचा हक्क राहिला नाही मला.” निघताना त्यांनी पेन्सिल मला दिली आणि गुजराती रीतीने आवजो म्हणत निरोप घेतला. मी कॉम्प्युटरवर कापड टाकलं ते महिनाभर काढलं नाही.

डिसेंबरात सुहासिनीकाकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, मग जरा थांबून म्हणाल्या, “नंदू, ते तुझं विमान भाऊजींना ऐकव एकदा. मी अजून रागावलेली आहे त्यांच्यावर, ते राहू दे. पण आमच्या ह्यांना बंद पडलेलं इंजिन बघवत नसे. दोघांचं सोळा वर्षांचं काम होतं ते.”

मला हा निरोप केवढा मोठा वाटला, ते मी सांगू शकत नाही.  इतका नेक नवरा गमावलेली ती बाई, आणि त्या नेकीला साजेसं वागत होती.

रविवारी दुपारी चार वाजता मी कापड काढलं, विमान धावपट्टीवर उभं केलं, थोरली चालू केली आणि नागपूरला फोन लावला. काकूंचा निरोप जसाच्या तसा सांगितला.  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“थोरली बरी चाललीय,” ते म्हणाले. “तेल बघ.”

“सातव्या सेकंदाला चढलं, काका.”

“शाब्बास.”

मी रिसीव्हर स्पीकरजवळ धरून दुसरा हात कीबोर्डकडे नेला, धाकटीची पाती फिरवायला.

“थांब,” काका म्हणाले. मी रिसीव्हर परत कानाला लावला. “तू नको हात लावूस. त्याचं मोजणं चाललंय. होऊ दे.”

माझ्या खोलीत थोरलीच्या घरघरीशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं. पण पडद्यावर उजवं पातं फिरत होतं. माझं बोट कळेपासून वीतभर दूर होतं. एक पातं, मग विसावा, मग दुसरं. कुणी तरी कसलीही घाई न करता, जीव लावून काम करत होतं.

“सहा,” काका फोनमध्ये म्हणत होते, कुणाच्या तरी मागून म्हणावं तसे. “सात. आठ.”

मी श्वास रोखला. कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत होतो. आठ. पातं तीन अंश पुढे आलं, मागे गेलं. मग फिरलं.

“नऊ,” काका म्हणाले.

माझं बोट स्टार्टरवर गेलं. खरं तर आता दाबायला हरकत नव्हती. नियम माझाच होता, नऊचा. मी बोट उचललं, मांडीवर ठेवलं आणि समोरच्या काचेकडे बघत राहिलो. मला भीती वाटत होती, पण नजर काढून घ्यायची नव्हती. एवढी वाट त्या माणसासाठी पाहायलाच हवी होती.

गवतावरची सावली विमानाच्या सावलीतून सुटली आणि दोन पावलं पुढे सरकली. काचेच्या उजव्या कडेला, तळाशी, कोपरापर्यंत दुमडलेली एक बाही आली. मनगटाला गुंडाळलेली चिंधी आली. मग पाची बोटं पसरलेला पंजा, सरळ वर.

मी एक शब्दही बोललो नव्हतो. आठशे किलोमीटरवरून काका म्हणाले, “दिसला मला. लाव आता, नंदू.”